चढ कुठे गेला?

शोरूमवाल्याचा फोन आला तेव्हा ती कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकावर पाय लांब करून बसली होती. हातात चहाचा कागदी कप, डोक्यावर हिरवी टोपी, डोळे अर्धे मिटलेले. वीस मिनिटांपूर्वी तिने एका गवंड्याला झोपवून परत उठवलं होतं, आणि आणखी पंधरा मिनिटांनी एका शिक्षिकेला झोपवायचं होतं. ती भूल देणारी डॉक्टर. सत्तावीस वर्षं हेच काम. हॉस्पिटलात शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तिला पाठीमागे भूलबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"मॅडम, आली बघा," शोरूमवाला म्हणाला. बारशाचं आमंत्रण द्यावं तसा त्याचा सूर. "तुमचीच गाडी. तोच निळा रंग, तेच चार दरवाजे, तीच बुटकी बांधणी. फक्त इंजिन मोठं. चाराच्या जागी सहा सिलिंडर. शनिवारी सकाळी घेऊन जा, सोमवारी संध्याकाळपर्यंत ठेवा. आवडली तर तुमची जुनी आम्ही घेतो आणि ही तुम्हाला देतो. नाही आवडली तर चहा पिऊन जा."

"पण माझ्या गाडीला काय झालंय?"

"काही झालेलं नाही मॅडम. म्हणून तर चांगल्या भावात घेतोय."

तिने हसून फोन ठेवला. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. हे त्या शोरूमवाल्याच्या लगेच लक्षात आलं असणार. ती माणसं असल्या गोष्टींत पक्की मुरलेली असतात.

ऑपरेशनच्या खोलीत शिक्षिका टेबलावर आडवी होऊन छताकडे बघत होती. भूल देताना माणसाला आकडे उलटे मोजायला सांगायची पद्धत आहे. भूलबाई ते सांगत नसे. ती कानाशी वाकून विचारायची, "कुठे जाऊ या?" माणसं चकित व्हायची, मग विचार करायची, आणि विचार करता करताच झोपायची. गवंडी म्हणाला होता, "भावाच्या शेतातल्या शेडवर." शिक्षिका म्हणाली, "पोहायला. खोल पाण्यात. मला पोहता येत न..." आणि गेली.

मग पुढचे दोन तास नेहमीसारखे. पडद्यावरची हिरवी रेघ, पिशवीतला श्वास, सर्जनचं पुटपुटणं. अशा वेळी तिचं अर्धं मन रेघेवर खिळलेलं असे आणि उरलेलं अर्धं भलतीकडेच तरंगत असे. त्या दिवशी ते गाडीत जाऊन बसलं.

ही गाडी तिने सहा वर्षांपूर्वी घेतली तेव्हा घरादारात कुजबुज झाली होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, घरात म्हातारी सासू, तर घ्यावी एखादी उंच, ऐसपैस, चढायला-उतरायला सोपी गाडी. तिने घेतली ही, जमिनीलगतची, शर्यतीच्या गाड्यांची चुलत बहीण शोभावी अशी. तिच्यात बसायचं म्हणजे टबात उतरायचं. लोकांनी विचारलं तेव्हा तिच्याकडे कारणं तयार होती: ब्रेक चांगले आहेत, सीट पाठीला आधार देते, ओल्या रस्त्यावर चाक सुटत नाही. कारणाशिवाय तिने आयुष्यात चमचासुद्धा विकत घेतला नव्हता. खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. हॉस्पिटल ते घर चौदा किलोमीटरचा रस्ता होता, कालव्याच्या कडेकडेने जाणारा, आणि त्या चौदा किलोमीटरमध्ये कुणाचाही श्वास तिच्या हातात नसायचा.

अलीकडे तिला एक स्वप्न पडू लागलं होतं. पहाटेचं, जाग यायच्या जरा आधीचं. ती गाडीत आहे, रस्ता सरळ आहे, ती पायाखालचा पेडल दाबते आणि गाडी पुढे जाते. एवढंच. फक्त ते पुढे जाणं संपत नाही. जिथे तिची गाडी दमून गुरगुरायला लागायची तिथेही ते संपत नाही. उशीत डोकं रुतावं तसं अंग पाठीमागे मऊ रुतत जातं आणि दोन्ही बाजूंची झाडं पाण्यात विरघळल्यासारखी होतात. उठल्यावर ती बराच वेळ नुसती पडून राहायची.

गुरुवारी ती कानसेनच्या गॅरेजवर गेली. कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाणाऱ्याला तानसेन म्हणतात तर ऐकणाऱ्याला कानसेन, म्हणून तिच्या नवऱ्याने हे नाव पाडलं होतं. हा मिस्त्री इंजिनाला एक लांब पोलादी सळी टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. भूलबाईला तो आपल्याच जातकुळीतला वाटे.

"काही झालेलं नाही," सळी बाजूला ठेवत तो म्हणाला. "मग का आणलीत?"

"विचारायचं होतं. या इंजिनाची ताकद वाढवता येते का?"

"येते की. काँप्युटर लावायचा, आतला हिशेब बदलायचा, तीस-चाळीस घोडे सहज वाढतात. पोरं करून घेतात माझ्याकडून." त्याने फडक्याला हात पुसले. "पण डॉक्टरबाई, हे इंजिन जेवून-खाऊन समाधानी आहे. त्याला आग्रह करून वाढू नका. अपचन व्हायचं."

"आणि तीच गाडी मोठ्या इंजिनाची घेतली तर?"

कानसेनने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे ठरलंय तर."

"काही ठरलेलं नाही."

"मग ऐका. मोठं इंजिन म्हणजे पुढे वजन. तुमची गाडी वळणावर कशी वळते? मान वळवल्यासारखी. ती मोठी वळताना नाक जड लागेल. थोडंच, पण तुम्हाला कळेल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. सरळ रस्त्यावर मात्र..." तो थांबला आणि चक्क लाजला. "सरळ रस्त्यावर मात्र राजा आहे. मी चालवली आहे एकदा. धुवायला आली होती, तेव्हा जरा लांबून फिरवून आणली. मालकाला सांगू नका."

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. घरात तिघंच. नवरा, सासूबाई आणि ती. नवरा जमीन मोजणीच्या खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाला होता. तो स्वतः गाडी चालवत नसे, पण शेजारी बसून रस्त्याची कुंडली मांडत असे; इथे उतार एवढा, तिथे वळण असं चुकीचं काढलंय. सासूबाई एकोणऐंशीच्या. एका मोठ्या कचेरीत एक्केचाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. आता बोटांचे सांधे धरले होते आणि चमचा दोन्ही हातांनी धरावा लागे; पण जिभेचे सांधे शाबूत होते.

"किती घोडे म्हणालीस?" नवऱ्याने विचारलं.

"आपल्या गाडीचे एकशे ऐंशी. तिचे साडेतीनशे."

"आपण तिघं माणसं. एकाला शंभराहून जास्त घोडे झाले की. पागा बांधायची का मागच्या अंगणात?"

"चेष्टा करू नकोस रे."

"चेष्टा नाही. अगं, तू कधी पोलिसाची पावती घेतली नाहीस. सिग्नल पिवळा झाला की थांबतेस. मग ते बाकीचे घोडे काय करणार? नुसते चरणार?"

तिच्या मनात स्वप्न होतं, आणि ते काही कारण नव्हे.

पाण्याचा पेला हळूच टेकवत सासूबाई म्हणाल्या, "मला पुढच्या सीटवर बसवणार असाल तर मी येईन हो बघायला."

शनिवारी सकाळी तिने जुनी गाडी शोरूमच्या अंगणात ठेवली आणि नवी बाहेर काढली. दोन्ही शेजारी उभ्या होत्या तेव्हा जुळ्या दिसत होत्या. एकीच्या मागच्या बाजूला धुराची दोन नळकांडी जास्त, बाकी फरक तो काय. किल्ली फिरवली तेव्हा मात्र तिने कान टवकारले. आवाज मोठा नव्हता. दुसऱ्या खोलीत कुणीतरी जड सतरंजी उलगडावी तसा होता. शनिवार शहरातच गेला. बाजारातून घर, घरातून सासूबाईंचा दवाखाना, परत घर. सिग्नलला ती पिवळ्याला थांबली. घोडे चरत राहिले. संध्याकाळी गाडी लावताना तिला वाटलं, नवरा म्हणतो तेच खरं असावं.

रविवारी सकाळी तिघं पठाराकडे निघाली. शहर संपल्यावर अर्ध्या तासाने टेकडी लागते आणि रस्ता पाच किलोमीटर वर चढत जातो. सासूबाई पुढे बसल्या होत्या, पट्टा बांधून, मांडीवर पर्स घेऊन. नवरा मागे, गुडघे छातीशी आणून.

त्या चढावर जुनी गाडी दरवेळी धापा टाकायची. ती पाचव्या गिअरवरून चौथ्यावर, मग तिसऱ्यावर यायची, इंजिन ओरडायला लागायचं, आणि नवरा चढाचं मोजमाप सांगत न चुकता म्हणायचा, "आला बघ आपला एकास अकरा." त्या दिवशी ती चढाला लागली आणि हात सवयीने गिअरच्या दांड्यावर गेला. पण करण्यासारखं काही नव्हतं. तिने पाय जरासा दाबला. गाडी तशीच, त्याच गिअरमध्ये, त्याच धीम्या आवाजात वर गेली. झाडं खाली सरकली, एक वळण आलं, दुसरं आलं, आणि एकाएकी समोर आभाळ होतं. पठार आलं होतं.

मागून नवऱ्याचा आवाज आला. "चढ कुठे गेला?"

"झाला," ती म्हणाली.

"झाला?" त्याने मागे वळून काचेतून पाहिलं. तिने आरशात पाहिलं तर त्याचा चेहरा उतरलेला.

"काय झालं रे?"

"काही नाही." मग तो म्हणाला, "मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा हा चढ मोजला आहे. नोकरीतलं पहिलं काम. दुर्बीण, साखळी आणि मी. अकरा दिवस लागले होते. दोन्ही पायांना फोड. एकेक हात मोजून वर आलो होतो. आणि आज तो दिसलासुद्धा नाही."

तिला वाईट वाटलं. कानसेन म्हणाला होता तसं वळणांवर नाक जड लागलं होतं, हेही तिने मनात टिपून ठेवलं होतं. न घेण्याच्या बाजूला दोन कारणं जमली. तिला कारणं मिळाली की बरं वाटे. आज वाटलं नाही.

पठारावर धुकं होतं. दाट नव्हे; दुधात पाणी घातल्यासारखं पातळ. रस्ता सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंना करडं गवत, मधेच एखादा एकटा दगड. उन्हाची एक तिरीप धुक्यातून वाट काढत होती आणि सगळं आतून उजळल्यासारखं दिसत होतं. ती आपसूक हळू झाली.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "जरा जाऊ दे की."

"आई, धुकं आहे."

"पुढे विरळ झालंय. मला मोतीबिंदू आहे, तरी मला दिसतंय."

खरंच पुढे धुकं फाटलं होतं आणि रस्ता दूरवर मोकळा पडला होता. तिने आरशात पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि पाय दाबला.

पाठ सीटमध्ये रुतली. सतरंजी उलगडत गेली, उलगडतच गेली. गवताचे वेगळे वेगळे शेंडे मिसळून एकच करडा पट्टा झाला, आणि तिला जे वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं. तिला वाटलं होतं धडधडेल. पण सगळं शांत झालं. आवाज होता, तरी शांत होतं. किती वेळ तसं होतं कोण जाणे. दहा सेकंद असेल, बारा असेल. मग तिने पाय उचलला आणि गवत पुन्हा गवत झालं.

सासूबाई हसत होत्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यांचं असं हसणं तिने पाहिलं नव्हतं.

"काय झालं आई?"

"अगं, ऐंशी!" त्या म्हणाल्या. "मिनिटाला ऐंशी शब्द. माझा वेग होता तेवढा. साठपर्यंत कुणीही जातं. साठला बोटं दमतात, पाठ दुखते, चुका होतात. सत्तरला तर रडू येतं. पण ऐंशीला एकदा पोहोचलं ना, की सगळं गप्प. बोटं आपली राहत नाहीत. मशीनचा आवाज लांबून आल्यासारखा. साहेब म्हणायचे, बाई, एवढी घाई कशाला? मी मनात म्हणायचे, मूर्खा, घाई तुला आहे. मी इथे निवांत बसले आहे."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," मागून नवरा म्हणाला.

"तू कधी विचारलंस? तुला चढ मोजण्यातून फुरसत कुठे होती?"

ती तिघं तळ्याच्या काठाला थांबली. थर्मासमधला चहा काढला. आणि तिथेच फोन वाजला.

हॉस्पिटलातून होता. रविवारच्या ड्यूटीवरचा भूलतज्ज्ञ तापाने फणफणला होता. दुसरा परगावी गेलेला. एक बसचा ड्रायव्हर आला होता, आतड्याला पीळ पडलेला, थांबण्यासारखं नव्हतं. "तुम्ही कुठे आहात?" सिस्टरने विचारलं. तिने सांगितलं. "बासष्ट किलोमीटर," नवरा हळूच म्हणाला; त्याला न विचारता अंतर ठाऊक असे.

"निघाले," ती म्हणाली.

चहा गवतावर ओतून तिघं निघाली. आता धुकं उठलं होतं. उतारावर तिने ब्रेक सांभाळला, आणि खाली मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडीला मोकळं सोडलं. पुढे विटांनी भरलेला ट्रक होता, लांबलचक. जुन्या गाडीत तिने वाट पाहिली असती, दोनदा डोकावून पुन्हा मागे आली असती. इथे तिला मोकळी जागा दिसली आणि दिसेपर्यंत ट्रक मागे पडलाही होता. नवऱ्याने दाराची मूठ घट्ट धरली होती. सासूबाईंनी पर्स. तिच्या मनात मात्र एक विचार लख्ख उभा होता आणि तिला त्याची थोडी लाजही वाटत होती: मिळालं. कारण मिळालं. आता कुणी विचारलं तर सांगता येईल.

एरवी पंचावन्न मिनिटं लागली असती. तिला एक्केचाळीस लागली. गाडी दारातच सोडून ती धावत जिना चढली, हात धुतले, टोपी घातली आणि ऑपरेशनच्या खोलीशी आली तर दार बंद. काचेतून दिसलं, आत मावशी फरशी पुसत होत्या.

"आधी नुसती जागा बधिर करून एक केस केली, ती लांबली," सिस्टर म्हणाली. "बसा ना मॅडम. अजून उपकरणं यायची आहेत."

ती लाकडी बाकावर बसली. भिंतीवर घड्याळ होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. अठरा मिनिटांनी तिला आत बोलावलं.

बस ड्रायव्हर धिप्पाड होता, वेदनेने घामाघूम. तिने त्याच्या कानाशी वाकून नेहमीसारखं विचारलं, "कुठे जाऊ या?"

त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "कुठेच नको हो बाई," तो म्हणाला. "रोज जातोच आहे. इथेच थां..."

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन तासांनी ड्रायव्हरने डोळे उघडले, बायकोला ओळखलं आणि पाणी मागितलं. भूलबाई खाली आली तेव्हा संध्याकाळचं पिवळं ऊन अंगणात पसरलं होतं. सासूबाई रिक्षाने घरी गेल्या होत्या. नवरा गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता.

"वाचला?"

"वाचला. पण आपल्यामुळे नाही." तिने त्याला फरशीचं आणि घड्याळाचं सांगितलं. "आपण चौदा मिनिटं वाचवली आणि मी अठरा मिनिटं भिंतीकडे बघत बसले. जुन्या गाडीने आले असते तरी चार मिनिटं बसलेच असते."

"मग?"

"मग काय. कारण गेलं."

नवऱ्याने तिच्या डोक्यावरची टोपी काढली, जी ती काढायला विसरली होती, आणि घडी करून खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी तिने मोठी गाडी शोरूमच्या अंगणात ठेवली, दिवसभर कामाला म्हणून आपली जुनी गाडी मागून घेतली आणि हॉस्पिटलला निघाली. ठरवून टाकल्यासारखंच होतं. कालव्याच्या वळणांवर गाडी मान वळवल्यासारखी वळली. किती हलकी! पुलापाशी जो खड्डा होता तो तिला ठाऊक होता आणि गाडीलाही ठाऊक असावा. सहा वर्षांची ओळख. तिला भरून आलं. ही गाडी तिने कारणं सांगून घेतली होती आणि कारणांपलीकडे जाऊन तिच्यावर जीव लावला होता. हिला सोडायचं कशाला?

दुपारी दोन ऑपरेशनांच्या मधे तिला बसल्या जागी डुलकी लागली. भिंतीला डोकं टेकलेलं, हात मांडीवर. स्वप्न पडलं नाही. काहीच पडलं नाही. नुसता मऊ, खोल अंधार, आणि जाग आली तेव्हा मनात एकच गोष्ट शिल्लक होती. जेवण झालं, ताट उचललं, हात धुतले, तरी भूक आहे तशीच आहे, असं कधी होतं तसं झालं होतं. रुग्णाचं कारण गेलं होतं. वेळ वाचण्याचं गेलं होतं. वळणं जुन्या गाडीचीच चांगली होती, चढही तिच्याकडेच होता. सगळी कारणं एका बाजूला जाऊन बसली होती, आणि ही इच्छा दुसऱ्या बाजूला एकटीच, पाय हलवत बसली होती. आणि ती जायला तयार नव्हती.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"मला ती गाडी हवी आहे."

"का गं?"

"हवी आहे म्हणून."

तो म्हणाला, "थांब, तारीख लिहून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. घे तू. माझी एक अट आहे."

"बोल."

"महिन्यातून एकदा मला त्या चढाच्या पायथ्याशी उतरव. मी चालत वर येईन. तू आणि आई पुढे जाऊन तळ्यावर बसा. मला तासभर लागेल, दीड लागेल. पण तो चढ मी असा जाऊ देणार नाही."

"गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. तू तुझे घोडे बघ."

तिला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. तेवढ्यात सिस्टर बोलवायला आली म्हणून दोन्ही आवरावी लागली.

जुनी गाडी कानसेनने घेतली. शोरूममध्ये देऊ नका, म्हणाला, कुठल्या हातात जाईल सांगता येत नाही. माझ्या मुलीला नोकरी लागली आहे, तिला द्यायची आहे. भूलबाईने किल्ली त्याच्या हातात ठेवली, पुलापाशी खड्डा आहे एवढं सांगितलं, आणि मागे न बघता रिक्षात बसली.

नवी गाडी आली, त्या शनिवारची नव्हे, तशीच दुसरी, अगदी कोरी, कुणीही न चालवलेली. शोरूमवाल्याने पुस्तिका तिच्या हातात दिली आणि शेवटी, निघता निघता, सहज सांगावं तसं सांगितलं, "मॅडम, एक लक्षात ठेवा. कोरं इंजिन आहे. पहिले दोन हजार किलोमीटर हळू. अजिबात दाबायची नाही. त्याचे भाग एकमेकांना सरावले पाहिजेत."

"दोन हजार?"

"दोन हजार."

ती साडेतीनशे घोडे घेऊन बैलगाडीच्या चालीने घरी आली. त्यानंतर दहा आठवडे ती कालव्याच्या कडेने अशीच गेली आणि आली. सायकलवाले तिला मागे टाकून जात. एक दूधवाला रोज हात करू लागला. तिला वाटलं होतं आपली चिडचिड होईल, झाली नाही. पायाखाली एवढं काही निजलेलं आहे आणि आपण त्याला उठवत नाही आहोत, या भावनेत एक वेगळीच गुंगी होती. लोकांना निजवणं हा तिचा धंदाच. पण निजलेल्याच्या शेजारी असं नुसतं, काही न करता बसणं तिला कधी मिळालं नव्हतं. संध्याकाळच्या उन्हात कालव्याचं पाणी गाडीच्या चालीने शेजारी वाहायचं. दोघांपैकी कोण पुढे जातंय ते बघत ती घरी पोहोचायची.

सासूबाईंना मात्र धीर नव्हता. दार उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "किती झाले?"

"अठराशे चाळीस, आई."

"म्हणजे अजून एकशे साठ," सासूबाई म्हणायच्या आणि पर्स जवळ ओढून घ्यायच्या. "उद्या जरा लांबच्या रस्त्याने जा ना हॉस्पिटलला. माझं वय काय थांबणार आहे?"

दुसऱ्या दिवशी ती खरंच लांबच्या रस्त्याने गेली.